हौसाबाईंनी विमानाची ओटी भरली तेव्हा

आमच्या घरात शिवणयंत्र होतं, पण ते आमचं नव्हतं. खर्ड्याच्या एका व्यापाऱ्याकडून आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ते भाड्याने आणलेलं. लग्नसराई आली, शिंप्याच्या हाताला खरं काम आलं, की नेमका तो व्यापारी यंत्र परत न्यायचा. त्या दिवसांत त्याला जास्त भाडं देणारा दुसरा कुणी भेटायचा. मग आप्पा बाजाराच्या दिवशी लिंबाखाली गोणपाट टाकून हातानं शिवत बसायचे. बंड्या, कोपऱ्या, पोत्यांची तोंडं, जे येईल ते. माझा शाळेचा सदरा गिऱ्हाइकांच्या उरलेल्या तुकड्यांचा असायचा. त्या हंगामात गावात कुणी काय शिवलं, ते माझ्या पाठीवर वाचता यायचं आणि पोरं ते मोठ्यानं वाचायचीही. "ही बाही पाटलाची, कॉलर मास्तरची."

त्या घरातला मी पहिला ग्रॅज्युएट. हे मी मिरवतो. नगरच्या कॉलेजातून बी. एस्सी. झालो, पुढे विमानदुरुस्तीचं शिक्षण घेतलं, परीक्षा दिल्या आणि विमान उडण्यालायक आहे असं लिहून खाली सही करण्याचं लायसन्स मिळवलं. नोकरी लागली ती पिकांवर औषध फवारणाऱ्या एका कंपनीत. घरी सांगायला गेलो तर आप्पा म्हणाले, "विमानात तुझं काय काम?"

"पंख शिवायचे."

आप्पांना वाटलं मी थट्टा करतोय. ते दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

पण ती थट्टा नव्हती. आमचं विमान दुपंखी होतं. वर एक पंख, खाली एक पंख, मध्ये लाकडी खांब आणि ताणलेल्या तारा. गावोगावचे लोक त्याला 'माडीचं इमान' म्हणत. पंखांचा सांगाडा लाकडाचा आणि त्यावर चक्क कापड. ते कापड सांगाड्याच्या प्रत्येक फासळीला मेणाच्या दोऱ्यानं शिवायचं, टाक्याटाक्याला गाठ मारायची, म्हणजे एक टाका तुटला तरी शेजारचा उसवत नाही. मग वरून डोप नावाचा रस लावायचा. तो वाळला की कापड ढोलकीसारखं तंग होतं. हाताच्या बोटानं टिचकी मारायची. आवाज नीट आला तर पंख चांगला. त्या रसाला पिकल्या केळ्यासारखा वास येतो. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, अजून फळवाल्याच्या गाडीजवळून जाताना मला विमान आठवतं.

हे विमान माझ्याहून वयानं मोठं. महायुद्धाच्या आधी विलायतेत बांधलेलं, पेट्यांत भरून बोटीनं इकडं आलेलं. लढाईच्या काळात त्यावर पोरं उडायला शिकली. स्वातंत्र्यानंतर ते एका फ्लाइंग क्लबात गेलं, तिथून लिलावात निघालं आणि आमच्या कंपनीनं घेतलं. कंपनीनं पुढची बैठक काढून तिथं औषधाची टाकी बसवली, खालच्या पंखाखाली फवारे लावले. वैमानिक मागच्या बैठकीत. डोक्यावर छत नाही, चाकांना ब्रेक नाही, आणि रेडिओ तर नाहीच. विमान एकदा जमिनीवरून सुटलं की त्यातल्या माणसाशी बोलायचा रस्ता संपला. झेंड्यांच्या दोन-चार खुणा, बस्स.

गिऱ्हाइकंही नाना तऱ्हेची. एकानं मुलाच्या लग्नात मांडवावर अत्तर फवाराल का विचारलं. एक बागाईतदार रुसून बसला, कारण भावकीच्या उसावर विमान दोनदा फिरलं आणि त्याच्यावर एकदाच. बहात्तरच्या दुष्काळात तर एका गाईनं आमच्या शेपटीचं कापड खाल्लं. शेजारी जनावरांची छावणी होती. गुरांना डोपची चव आवडते हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण ज्यांना कडबा मिळत नव्हता त्या गुरांपुढं मी विमान उभं केलं होतं. मालक गाईच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला, "सायेब, तिला बादंल का हो?" विमानाचं काय, हे त्याच्या डोक्यातही आलं नाही. बरोबरच होतं त्याचं.

आता ज्या दिवसाबद्दल लिहायला बसलो तो दिवस.

दुष्काळ सरून पाऊसपाणी झालेलं ते वर्ष. नेवाशाच्या अंगाला, प्रवरेच्या काठी उसावर पाकोळी पडली होती. हा बारका किडा पानातला रस शोषतो, ऊस चिकट आणि काळा पडतो. साखर कारखान्यानं आम्हाला बोलावलं. नदीपासून थोडं आत हौसाबाई नावाच्या विधवा बाईंचं माळरान होतं. तिथं आम्ही धावपट्टी आखली. धावपट्टी म्हणजे काय, दगड वेचून सपाट केलेली पट्टी. एका टोकाला हौसाबाईंचं छप्पर, दुसऱ्या टोकाला कमरेएवढा बांध, आणि बांधापलीकडं नांगरून टाकलेलं रान.

हौसाबाईंना पहिल्या दिवसापासून विमानाचा लळा लागला. पोटी तीन मुलगे, मुलगी नाही. त्या विमानाला 'ती' म्हणायच्या. "आली का माजी लेक?" सकाळी आल्याबरोबर पहिली चौकशी ही. वैमानिक कॅप्टन शिर्के साताऱ्याकडचे, हवाई दलातून आलेले, कमी बोलणारे. पण हौसाबाईंच्या हातची भाकरी खायला लागल्यापासून तेही त्यांना मावशी म्हणू लागले होते.

त्या गावातलं आमचं काम संपायचा दिवस उजाडला. शेवटचा पट्टा मारायचा आणि विमान दुसऱ्या गावी न्यायचं. सकाळी मी नेहमीसारखी बारीक तपासणी केली. दोन फेऱ्या नीट झाल्या. तिसऱ्या फेरीआधी शिर्के चहाला खाली उतरले, मी पिंपाशी औषध कालवत होतो. माणसांनी टाकी भरली. शिर्के चढले, मी पंखा फिरवून इंजिन चालू केलं आणि विमान गेलं.

वळलो तर हौसाबाई रिकामं ताट घेऊन उभ्या. नवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू-बिंकू नाही, विधवा बाई. पण शेजारी मोठी सून होती, तिच्या हातात हळदी-कुंकवाची कोयरी. हौसाबाईंचे डोळे भरलेले.

"झालं बगा, सायेब. लेक सासरी चालली. मोकळी कशी लावायची? सुनंच्या हातनं वटी भरली तिची."

मी हसलो. म्हटलं, "बरं केलंत. कुठं भरली?"

"पुडं. ती टाकी हाय न्हवं, तिच्या बगलंला फट हाय, तितं. तांदूळ घातलं, खण घातला, नारळ घातला."

मी वळून विमान कुठं आहे ते बघितलं.

बाहेरच्या वाचकाला हे समजावं म्हणून सांगतो. विमानाचं नाक वर-खाली करायला वैमानिकाच्या दोन पायांत एक काठी असते. ती मागं ओढली की शेपटीची फळी उचलली जाते आणि नाक वर येतं. आमच्या विमानाला पूर्वी दोन काठ्या होत्या, शिकणाऱ्याची आणि शिकवणाऱ्याची, एकमेकींना जोडलेल्या. टाकी बसवताना पुढची काठी काढली, पण तिचा बुंधा तळाशी तसाच राहिला. मागची काठी हलली की हा बुंधाही हलतो. टाकीच्या बगलेच्या फटीतून घरंगळलेला नारळ त्या बुंध्याच्या मागं जाऊन बसला, तर काठी पुढं जाईल, पण पूर्ण मागं येणार नाही. आणि विमान उतरवताना अगदी शेवटी काठी पोटापर्यंत ओढायची असते.

"सूनबाई, नारळ पक्का बसलाय का फटीत?" मी विचारलं.

"न्हाई," ती घाबरून म्हणाली. "टाकला तसा आत गेला. मला वाटलं, पोटात गेला, बरं झालं."

उसाच्या रानावरून विमान खाली येताना दिसत होतं. उसाच्या शेंड्यांना जवळजवळ चाकं टेकवत जायचं आणि पट्टा संपला की बाभळींच्या रांगेवरून वर उठायचं, हे फवारणीचं तंत्र. पहिल्यांदा ते नीट उठलं. वळून परत आलं. दुसऱ्यांदा ते उशिरा उठलं. बाभळीच्या शेंड्याचा पाला उडालेला मी इथून पाहिला.

कारखान्याची जीप होती, ताडपत्री काढलेली. मी ती दामटली. उसाच्या टोकाला आमचा झेंडेवाला कारभारी उभा होता. तो पट्टा दाखवायला पांढरा झेंडा धरून, धोक्याचा लाल झेंडा काखेत ठेवून उभा राहतो आणि विमान त्याच्या रोखानं येतं. मी पोचलो तोवर विमान पुन्हा वळलं होतं.

"कारभारी, फुली कर. दोन्ही झेंडे."

"आरं पर झालं काय?"

"फुली कर आधी."

त्यानं दोन्ही झेंडे डोक्यावर आडवे-तिडवे धरले. या खुणेचा अर्थ: धोका आहे, उतरू नका, वर जा. शिर्क्यांनी पाहिलं. त्यांनी टाकीतलं सगळं औषध एकदम सोडून दिलं, इंजिनाचा जोर वाढवला आणि विमान हळूहळू, मन नसल्यासारखं, बाभळींवरून गेलं. कारभारी खाली बसला. त्याच्या अंगावर औषधाचा शिडकावा झाला होता, त्याचंही त्याला भान नव्हतं.

आता माणूस वर होता आणि तूर्त सुखरूप होता. पण औषधाचं वजन सांभाळायचं म्हणून इंधन मी बेतानंच भरलं होतं. ते किती आहे हे खाली फक्त मला माहीत होतं. फुलीनं मी 'उतरू नका' एवढंच सांगितलं होतं. का उतरू नका, हे सांगितलं नव्हतं. इंधन संपत आलं की शिर्के दुसरीकडं सपाट रान बघणार, नेहमीसारखे उतरणार आणि शेवटच्या क्षणी काठी ओढणार. ती येणार नाही. विमान नाकावर आपटणार, आणि नाकाच्या मागंच, त्यांच्या डोक्याच्या वर, पेट्रोलची टाकी.

मी माळावर परत आलो. शिर्के वर घिरट्या घालत होते, बैठकीबाहेर वाकून आपली चाकं बघत होते. त्यांना वाटलं असणार चाक निखळलं. मी हात हलवले. काठी ओढल्याचा अभिनय केला, हातांची फुली केली. इतक्या वरून मी त्यांना काय दिसणार? उन्हात नाचणारा एक माणूस.

कारखान्याचा एक माणूस म्हणाला, "चुन्यानं लिवा की जमिनीवर. नारळ आडकला म्हनून."

"चुना कुठंय?"

चुना नव्हता. धोतरं पसरून अक्षरं काढावी तर तेवढी धोतरं नव्हती. आणि समजा 'नारळ' असं लिहिलं, तर आकाशातला माणूस त्याचा काय अर्थ लावणार?

 सून रडत होती, तिच्याकडं हौसाबाईंनी बघितलंही नाही. त्या माझ्यासमोर आल्या.

"त्या पोराला आय हाय का?"

"कुणाला?"

"कॅप्टनला."

"आहे. साताऱ्याला."

"मग त्याला वटी कळंल. म्या केलंय, म्याच दावते. तुमची ती जीप मदी घ्या."

मी एक क्षण त्यांच्याकडं पाहिलं आणि जीप धावपट्टीच्या मधोमध नेऊन उभी केली. ती वरून उघडी होती, पुढं बैठक, मागं बैठक, अगदी विमानासारखी. हौसाबाईंनी घरातून लुगडी आणवली आणि जीपच्या दोन्ही अंगांना जमिनीवर पसरली, पंखांसारखी. मी ड्रायव्हरच्या मागच्या बैठकीत बसलो, म्हणजे मी वैमानिक. आणि सून ताट घेऊन पुढं आली.

विमान खाली येत होतं. शिर्क्यांना काहीतरी चाललंय हे दिसलं होतं.

"सावकाश कर," हौसाबाई सुनेला म्हणाल्या. "लगीनघरात करतीस तशी. घाई केली तर त्याला कळायचं न्हाई."

तिनं जीपच्या नाकाला हळद-कुंकू लावलं. मग दुसरा नारळ दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरला, दिसेल असा, आणि पुढच्या बैठकीत टाकला. मी मागच्या बैठकीत उभा राहिलो, जमलेल्यांतल्या एकाच्या छत्रीचा दांडा काठीसारखा धरला, पोटाकडं ओढला, मध्येच थांबलो आणि मान हलवली. पुन्हा ओढला, पुन्हा थांबलो.

विमान आमच्या डोक्यावरून गेलं. काही नाही.

"परत," हौसाबाई म्हणाल्या.

सूनबाईनं परत हळद लावली, परत कुंकू लावलं, परत नारळ वर धरला. विमान आता फार खाली आलं. शिर्क्यांचा चष्मा मला दिसला. नारळ बैठकीत पडला तेव्हा ते आमच्या बाजूनं चालले होते, आणि मी त्यांचं तोंड वळलेलं पाहिलं, जीपवरून आपल्या पुढच्या टाकीकडं. मग त्यांनी हात बाहेर काढला, मूठ केली, हवेत पुढं-मागं केली आणि मध्येच थांबवली.

"कळलं," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

नंतर त्यांनी सांगितलं, काठी जड लागतेय हे त्यांना कळलं होतं, पण तार कुठं तरी घासतेय असं वाटलं होतं. आणखी एक घिरटी घालून ते नदीपलीकडच्या रानात उतरणार होते, नेहमीसारखे.

आता ते परत आले ते पट्टीवरून सरळ गेले आणि हातानं बांधाकडं दाखवलं. एकदा, दोनदा. मला अर्थ लागला. काठी पूर्ण ओढता येत नसेल तर एकच उपाय असतो. वेगात यायचं, पुढची दोन चाकं टेकवायची, शेपटी उचललेलीच ठेवायची आणि वेग आपोआप मरेपर्यंत पळत राहायचं. ब्रेक नाहीत. त्याला लांब जागा लागते. आमची पट्टी बांधाशी संपत होती.

मी म्हटलं, "बांध काढायचा."

कुणी का विचारलं नाही. विमान बघायला जमलेली माणसं होती, उसात खुरपणाऱ्या बाया होत्या. वर्षभरापूर्वी हीच माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत आणि माती वाहत होती. घराघरांत फावडी-घमेली अजून दारातच पडलेली. हौसाबाईंचा थोरला म्हणाला, "आये, आजानं घातलेला बांध हाय."

"आज्याला मी सांगंन वर गेल्यावर. तू फोड."

बांध फुटला. माती नांगरटीवर ओढली. पण मोकळ्या मातीत चाक रुतलं तर विमान उलटंच होणार, म्हणून बायांनी रांगा धरल्या आणि ती माती पायांनी तुडवली, पुढं जात, मागं येत.  वरचं इंजिन ऐकत सगळे तुडवत होते. एकदा तो आवाज अडखळला. बाया थांबल्या, वर बघितलं. इंजिन पुन्हा धरलं. मी ओरडलो, "बाजूला व्हा."

शिर्के हौसाबाईंच्या छपरावरून आले, नेहमीपेक्षा खूप वेगात. चाकं टेकली, विमान उसळलं, पुन्हा टेकलं. शेपटी हवेत. जीप आम्ही काढली होती, पण लुगडी पडलेली होती, ती वाऱ्यानं उडून बाजूला गेली. विमान जुन्या बांधाच्या जागेवरून गेलं, तुडवलेल्या मातीवर गेलं, माती उडाली, एक चाक रुतत रुतत निघालं. वेग कमी झाला तशी शेपटी हळूहळू खाली आली आणि घसपटत गेली. शेवटी विमान एका बाजूला फिरलं, खालचा उजवा पंख बाभळीच्या खुंटावर घासला, कापड फाटल्याचा लांब आवाज आला आणि सगळं थांबलं. पंखाही थांबला. शिर्क्यांनी बंद केला की पेट्रोल संपलं, ते मी कधी विचारलं नाही.

ते खाली उतरले. पुढच्या फटीत खांद्यापर्यंत हात घातला आणि नारळ काढला. खणात गुंडाळलेला, एका बाजूनं खरवडलेला. तो हौसाबाईंपुढं धरला.

"मावशी, लेक सासरी धाडायची म्हणून जावयाचा जीव घ्यायचा का?"

हौसाबाईंनी तो दोन्ही हातांनी घेतला. मग म्हणाल्या, "जावई म्हनलं की येवडं सोसाय लागतं."

शिर्के हसले आणि तिथंच मातीत बसले. चहा दिला तर कप हातात धरवेना. हौसाबाईंनी बशीतून पाजला.

विमान मात्र अजून वाचलेलं नव्हतं. कंपनीकडून माणूस आला. फाटलेल्या पंखाभोवती फिरला आणि म्हणाला, असं जुनं धूड वर्कशॉपला न्यायचा खर्च करण्यापेक्षा इंजिन काढून घ्या, बाकी इथंच जाळून टाका. मी म्हणालो, लाकूड शाबूत आहे, कापड इथंच बदलतो, सही माझी. तो म्हणाला, "एकट्यानं?"

त्यात तो खरं बोलला. पंख शिवायला दोन माणसं लागतात. पंख उभा धरायचा, एकानं या अंगानं हातभर लांब सुई घालायची, दुसऱ्यानं त्या अंगाला ती ओढून घेऊन परत पाठवायची. समोरच्याचं तोंड दिसत नाही, फक्त सुई दिसते. मी घरी खर्ड्याला निरोप धाडला.

आप्पा एसटीनं आले, डोक्याला मुंडासं, खिशात स्वतःचं, सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं अंगुस्तान. त्यांनी पंखावरून हात फिरवला, गाठ कशी मारायची ते एकदा बघून घेतलं आणि पलीकडच्या बाजूला बसले. हौसाबाईंच्या छपरात आम्ही शिवत बसलो. बराच वेळ नुसती सुई येत-जात होती. मग पलीकडून आवाज आला.

"म्हंजी तू खरंच सांगत होतास."

"काय?"

"पंख शिवायचं."

 मी एक टाका घेतला आणि सुई पाठवली.

डोप वाळल्यावर मी टिचकी मारली, मग आप्पांना मारायला लावली. आवाज नीट आला. मी सही केली. शिर्क्यांनी ते उडवलं. जाताना हौसाबाईंनी लांबूनच हात जोडले आणि सुनेला ताट आणू दिलं नाही. त्या दिवसापासून, विमानाजवळ कुणीही आलेलं असो वा नसो, इंजिन चालू करण्याआधी प्रत्येक वेळी मी बैठकीच्या तळापर्यंत हात घालून बघत आलो. माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरांनाही तीच सवय आहे. का, ते त्यांना माहीत नसेल.

पुढं कंपनी बंद झाली. तिची बाकीची विमानं भंगारात गेली. हे एक राहिलं, कारण ते चालू होतं. आज ते एका फ्लाइंग क्लबच्या हँगरमध्ये आहे. कापड तेव्हापासून अनेकदा बदललं, ते बदलावंच लागतं, त्यामुळं आप्पांचा एकही टाका आता त्यात नाही, याची मला चुटपुट आहे. आप्पाही राहिले नाहीत. विमान मात्र तेच आहे, आणि उडतं.